आकडा कुणाचा, आवाज कुणाचा

गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचा शिलालेख मी लहानपणापासून पाहत आले, पण तो बातमीसारखा वाचता येतो हे मला पत्रकारितेच्या वर्गातल्या मॅडमनी दाखवलं. वर्गातल्या आम्हा मुलांना घेऊन त्या एकदा देवळात आल्या होत्या. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 साली, कार्तिक वद्य पंचमीला देवालयाला प्रारंभ झाला, एवढंच त्या दगडावर कोरलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, "तिथी आहे, आज्ञा कुणाची ते आहे, काय सुरू झालं ते आहे. देऊळ पुरं झालं असं कुठे लिहिलंय? त्या दिवशी जेवढं झालं होतं तेवढंच लिहून कोरणारा थांबला. तुम्हीही तिथेच थांबायचं."

मी नार्व्याची. फेरीबोटीने दिवाडी, दिवाडीहून पुन्हा फेरीने रायबंदर आणि तिथून बसने पणजी, असं करत पत्रकारितेच्या वर्गाला जायचे. रेडिओची बातमी शिकवायला मॅडम यायच्या. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी पणजीत माइकसमोर घालवली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी त्यांची परवानगी नाही. आणि परवानगी म्हणजे काय हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्यांची बातमीपत्रांची जुनी पानं मी हातात घेऊन पाहिली आहेत. प्रत्येक ओळीत पेन्सिलीच्या तिरक्या रेघा. एक रेघ श्वासाची, दोन रेघा थांबण्याच्या. गावांच्या आणि माणसांच्या नावांभोवती गोल, आणि समासात ते नाव कसं उच्चारायचं ते बारीक अक्षरात. पेडण्याकडच्या एखाद्या वाड्याच्या नावाबद्दल शंका आली, की त्या तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारायच्या. मला तेव्हा हा सोस वाटायचा. मग एकदा त्या म्हणाल्या, "वर्तमानपत्रात नाव चुकलं तर माणूस दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून मागतो. रेडिओवर चुकलं तर त्याच्या आईने ते ऐकलेलं असतं." रेडिओ ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. म्हणून 'पोलिसांनी सांगितलं' हे वाक्याच्या सुरुवातीला हवं. ते शेवटी टाकलं, तर अर्ध्या वाक्यापर्यंत आरोप हाच खरा प्रसंग होऊन बसतो, आणि तेवढ्यात कुणी स्वयंपाकघरात गेलेलं असतं.

रेडिओच्या खऱ्याखोट्याविषयी बोलताना त्या हटकून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांच्याकडे वळायच्या. 25 नोव्हेंबर 1955 पासून या दोघांनी गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून, आधी आंबोलीच्या बाजूने आणि पुढे कॅसलरॉकहून, 'स्वातंत्र्याचा आवाज' हे रेडिओ केंद्र चालवलं. गोव्यात तेव्हा पोर्तुगालच्या सालाझारची राजवट होती आणि छापील शब्दावर सेन्सॉर. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी विमानातून लोकांना सांगितली. लिबियाबाईंना 2025 मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मॅडम वर्गात बराच वेळ त्यांच्याविषयी बोलत राहिल्या. ते केंद्र एका बाजूचं होतं, लढ्याचं होतं, हे त्यांनी झाकलं नाही. पण ऐकणारे गोव्यातच राहत होते, रस्त्यावर काय चाललंय ते डोळ्यांनी बघत होते; एक थाप पकडली गेली असती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. बाजू घेणाऱ्यालाही खरेपणातून सुटका नाही, हे इतक्या स्वच्छपणे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक खंत इथेच सांगते. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र फक्त जसंच्या तसं लावता येतं. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्यांची मुभा नाही. म्हणजे रेडिओची बातमी शिकलेल्या मुलीला आकाशवाणीखेरीज दार नाही. वर्गातलं सरावाचं बातमीपत्र हेच आमचं केंद्र. पण मॅडम त्या सरावालाही प्रक्षेपणाचेच नियम लावायच्या. वर्गातलं रेकॉर्डिंग मोबाइलवरून कुठेही जातं, हे त्या पुनःपुन्हा बजावायच्या.

3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. शिरगाव आमच्याच डिचोली तालुक्यातलं. धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, त्यांचं निखाऱ्यांवरून चालण्याचं होमखण, हजारोंची गर्दी, हे सगळं आमच्या घरातलं. सकाळ होईपर्यंत मोबाइलवर मृतांचे वेगवेगळे आकडे आणि कारणांचे नाना तर्क फिरत होते. आम्ही सरावाचं बातमीपत्र लिहायला बसलो. मॅडमचा पहिला प्रश्न, "आकडा कुणाचा?" सरकारने सांगितलेले सहा मृत्यू आम्ही सरकारचं नाव घेऊन लिहिले. कारणाविषयी कुणीतरी एक वाक्य लिहिलं होतं, ते त्यांनी काढलं. एकाच्या मोबाइलवर आक्रोशाचा आवाज होता. तो बातमीत घालू या, असं दोघातिघांचं मत पडलं. मॅडमनी तो पूर्ण ऐकला, मान खाली घालून. मग म्हणाल्या, "हा आवाज जिचा आहे, तिला तो पुन्हा ऐकावा लागेल." नावांच्या यादीबद्दलही त्यांनी एवढंच विचारलं, "घरी कळलंय का?" आम्हाला ते ठाऊक नव्हतं. नावं गेली नाहीत. बातमी लहान झाली. त्यातलं एकही वाक्य पुढे मागे घ्यावं लागलं नाही.

मॅडमखेरीज माझ्यावर दुसरं ऋण एका आजींचं आहे. गाव आमच्या तालुक्यातलंच, खाणीजवळचं. विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात म्हणून मी तिथे आवाज घ्यायला गेले होते. आजी सुरेख बोलल्या. रहाटावरून हात फिरवत त्यांनी पाणी कुठवर असायचं ते दाखवलं, खाणीचा खड्डा खोल होत गेला तशी विहीर कशी खाली गेली ते सांगितलं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांच्या घरांची काय दशा झाली तेही सांगितलं. मी मशीन बंद केलं आणि त्यांनी माझा हात धरला. "बाये, हें घालूं नाका. म्हजो पूत खाणीर आसा."

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मतं फुटली. नाव वगळू, आवाज बदलू, असे उपाय निघाले. मॅडम म्हणाल्या, "गावात तो रहाट कुणाचा हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्यांनी दिलं होतं, आता परत मागतायत. आपण द्यायचं."

त्या रविवारी मॅडम माझ्याबरोबर आल्या. आजींच्या पुढ्यात मी रेकॉर्डिंग पुसलं आणि मोकळा पडदा त्यांना दाखवला. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला आणि विहिरीची हकीकत पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली. या वेळी त्या मशीनकडे बघत नव्हत्या, त्यामुळे जास्त मोकळेपणाने बोलल्या.

बातमी आम्ही केलीच. टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो, दिवसाआड येतो की आठवड्याने, कुठल्या वाड्यावर आधी जातो, हे पंचायतीच्या नोंदींतून घेतलं आणि पंचायतीचं नाव घेऊन सांगितलं. खाणीचा संबंध कागदावर जेवढा होता तेवढाच ठेवला. आजींचा त्यात उल्लेख नाही. टँकरची नोंद पंचायतीत होते आणि ती वही मागितली तर बघायला मिळते, हे मात्र चहा गाळताना त्यांनीच मला सांगितलं होतं.