ज्याची त्याची जागा

वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मासेमारी म्हटली की होडी आठवते, जाळे आठवते, फार तर कोळंबी लावलेला गळ. नोकरीनिमित्त आम्ही उभयता न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांच्या परिसरात राहावयास आलो, तेव्हा एक निराळीच मासेमारी आमच्या दृष्टीस पडली. तेथील ट्राउट मासा पाण्यावर उतरणारे नाजूक कीटक टिपतो. म्हणून गळावर पिसे व केस धाग्याने बांधून त्या कीटकाची प्रतिकृती करतात. तिला 'माशी' म्हणतात. १८९० साली इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी थिओडोर गॉर्डन यांस तरंगत्या माश्यांचे नमुने टपालाने पाठविले. गॉर्डन यांनी त्यांवरून कॅट्सकिलच्या खळाळत्या नद्यांस साजेशा माश्या बांधल्या. ती परंपरा आजही तेथे जिवंत आहे.

आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ तिचेच पाईक. मात्र त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. बोटे शाबूत होती, पण मेजावरील पसाऱ्यात कात्री चाचपडण्यातच संध्याकाळ सरे. आता हे मेज विकून टाकावे, असे ते एकदा म्हणाले. ते शब्द आम्हांस लागले.

आम्हां दोघांपैकी एकाचे वडील सुतार होते. पटाशी, रंधा, गिरमिट यांच्या जागा त्यांच्या पेटीत ठरलेल्या असत. तेच आठवून आम्ही अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा घेतला. कात्री, चिमटा, सुई ज्या क्रमाने हाती लागतात, त्याच क्रमाने त्यात भोके पाडली. धाग्याच्या रिळांसाठी मेपलच्या खुंट्या बसविल्या. गळांच्या कप्प्यांवर खाचा कोरल्या : १२ क्रमांकास एक, १४ क्रमांकास दोन. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. पिसांना कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाची पेटी केली. दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून खणांना किंचित सैलपणा ठेवला. १२० व मग २२० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने घासून जवसाचे तेल दिले. तेलाची फडकी मात्र उघड्यावर पसरून वाळविली. त्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

चमत्कार काही झाला नाही. अगदी बारीक माश्या त्यांनी सोडूनच दिल्या. परंतु १२ क्रमांकाची माशी ते अजून बांधतात. त्यांची एकच विनंती असते : माझे मेज कोणी आवरू नये. प्रेमापोटी कोणी कात्री वीतभर सरकविली, तरी त्यांचे काम थांबते.

आपल्या घरांतही आजी-आजोबा आहेत. आपण त्यांचा चष्मा, औषधाची डबी, जपमाळ नीटनेटकेपणाच्या हौसेने उचलून ठेवतो आणि मग त्यांच्या विसरभोळेपणाला हसतो. वाचकहो, म्हाताऱ्या हाताला वस्तू जिथल्या तिथे सापडणे, हे त्याचे उरलेले स्वातंत्र्य आहे. ते राखावयास सुतारकाम यावेच लागते असे नाही.