हवेपासून जपताना

अस्थिमज्जेतून मूलपेशी बाहेर काढल्या की त्यांना पहिला धक्का बसतो तो साध्या हवेचा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. मज्जेत त्याच्या कितीतरी खाली. २०१४ साली बोस्टनच्या चार्ल्स लिन यांच्या गटाने जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडात तो मोजला, तेव्हा काही जागी जेमतेम १.३ टक्के भरला. तेही रक्तवाहिन्यांच्या दाटीत! रक्त पोचतं, पण आजूबाजूच्या पेशी त्यातला ऑक्सिजन भराभर वापरून टाकतात.

अशा जागी रक्त घडवणारी मूलपेशी गुदमरत नाही. ती शांत राहते, क्वचितच विभागते. ग्लुकोज ऑक्सिजनविना फोडून भागवते, त्यामुळे डीएनएला इजा करणारे रेणूही कमी तयार होतात. यात मोठा वाटा एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाचा. पेशी ते सतत बनवते आणि ऑक्सिजन मुबलक असेल तर सतत मोडीतही काढते. ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं, प्रथिन साठतं आणि अनेक जनुकं जागी होतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं.

आमच्या कामाची सगळी शिस्त या प्रथिनाच्या अल्पायुष्यातून आली आहे. हवा लागली की काही मिनिटांत ते दिसेनासं होतं. म्हणून ते मोजायला पेशींची प्लेट बाहेर टेबलावर आणायचीच नाही. नायट्रोजन सोडलेल्या बंद पेटीत, हातमोज्यांतून हात घालून पेशी तिथेच फोडायच्या. मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, आदल्या रात्रीच आत ठेवायचं. प्लॅस्टिकच्या डिशही ठेवायच्या, कारण प्लॅस्टिकही ऑक्सिजन धरून ठेवतं. नव्या विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवते: इन्क्युबेटरच्या पॅनेलवरचा आकडा आतल्या हवेचा असतो. तळाशी चिकटलेल्या पेशीला मिळणारा ऑक्सिजन वर मीडियम किती उंच आहे आणि शेजारी किती पेशी आहेत, यावर ठरतो. ही उंची न नोंदवता केलेल्या प्रयोगावर माझा विश्वास बसत नाही.

इंडियानातल्या हॅल ब्रॉक्समायर यांच्या गटाचं २०१५चं काम मला या क्षेत्रातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. त्यांनी उंदराची मज्जा काढण्यापासून पुढची सगळी कामं ३ टक्के ऑक्सिजनमध्येच केली. खऱ्या, दीर्घकाळ रक्त घडवू शकणाऱ्या मूलपेशी कित्येक पटींनी जास्त हाती लागल्या. म्हणजे इतकी वर्षं आपण मोजत होतो त्या हवेच्या धक्क्यातून उरलेल्या! बाकीच्या मेल्या नव्हत्या. काही मिनिटांतच त्यांनी मूलपण सोडून पुढची वाट धरली होती.

नाळेच्या रक्ताबाबत हे फार महत्त्वाचं. एका नाळेतल्या मूलपेशी मोठ्या माणसात रोपण करायला अनेकदा अपुऱ्या पडतात, तिथे एकही वाया जाणं परवडत नाही. प्रसूतिगृहात नायट्रोजनची पेटी नेणं अवघड. पण त्याच गटाला सायक्लोस्पोरिन-ए हे अवयवरोपणात वापरलं जाणारं औषधही हवेत काढलेल्या पेशींना वाचवताना दिसलं. ते मायटोकॉन्ड्रियाचं एक छिद्र उघडू देत नाही. रक्त गोळा करतानाच पिशवीत असं काही घालता आलं, तर पेटीची गरजच उरणार नाही. माझं सगळं लक्ष आता तिकडे लागलं आहे.