वर्गणी आणि श्रवण

इंटरनेट रेडिओसाठी वर्गणी भरावी का, हा प्रश्न मला पैशांपेक्षा श्रवणाचा वाटतो. आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी २०१६ पासून शास्त्रीय संगीत विनामूल्य ऐकवते. तिच्यापलीकडचे ऐकायचे, तर बहुधा जाहिराती सोसाव्या लागतात किंवा पैसे मोजावे लागतात. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होण्यापूर्वीच्या नेमक्या क्षणी साबणाची जाहिरात आली, की रागाचे उभे राहिलेले वातावरणच विरते. ते शाबूत राखण्याचे मोल मी आनंदाने देतो.

मात्र वर्गणी म्हणजे संग्रह नव्हे. 'वर्ल्डस्पेस' ही उपग्रह-रेडिओसेवा २००९ अखेर भारतात बंद पडली आणि वर्गणीदारांचे संच मुके झाले. ध्वनिमुद्रिका कपाटात उरते. प्रक्षेपण फक्त स्मरणात. म्हणून वर्गणी भरताना मी संगीताची मालकी घेत नाही, एक अखंड तास घेतो. तो मनापासून ऐकला, तरच हिशेब जुळतो.