मांजर घरचं आहे म्हणून गप्प बसू नका

परवा रात्री आमची मनी हाताला चावली. दारात तिचा पाय अडकला होता, सोडवायला गेलो. दोन बारीक भोकं, थोडं रक्त. आई म्हणाली, हळद लाव. शेजारचे काका म्हणाले, घरचं मांजर, काय होतंय! मी नळाखाली साबणाने १५ मिनिटं हात धुतला, हळद लावली नाही.

सकाळी जवळच्या दवाखान्यात गेलो. "लस संपलीये, पिंपरीला जा." मग त्रिवेणीनगर, निगडीची गर्दी काढत पिंपरी गाठली. केसपेपर, धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस, आणि रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. कुत्र्यासारखाच मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. पहिला डोस शून्य दिवस धरून पुढचे तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. मनीवर १० दिवस लक्ष ठेवायचं. तिला लस टोचली नव्हती, ही चूक माझी.

मला सुट्टी मिळाली हो. पण इथल्या वर्कशॉपमध्ये रोजावर असलेल्या पोराला चार डोस म्हणजे चार खाडे. तो दुसऱ्या डोसला जाईल का?

मागणी एवढीच: लस तळवड्यातच मिळावी, संध्याकाळीही मिळावी, आणि शिल्लक आहे की नाही ते दारावरच्या फळ्यावर लिहावं.

आणि तुम्हाला चावा बसला असेल, तर आजच जा.