वाड्यावरचा मुक्काम

ऑफिसने कायमचं 'कुठूनही काम करा' सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या होत्या. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप आणि दर तीन-चार दिवसांनी नवं गाव! दापोली, तापोळा, भंडारदरा.. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचे आणि 'मजा आहे बाई तुझी' ऐकून घ्यायचं.

मजा होती, नाही असं नाही. पण भंडारदऱ्याचं खरं सांगते. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं धरण, त्यामागचं अथांग पाणी, लांबवर रतनगड. आणि मी तीन दिवस काय शोधत होते? रेंज! एसटीत मेल्स, रात्री अमेरिकेचा कॉल, सकाळी 'आलोच आहोत तर' म्हणून धावतपळत रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. तिसऱ्या रात्री एक साधं वाक्य चार वेळा वाचलं, कळेचना. मग उगाचच रडू आलं. तेवढ्यात आईचा फोन. 'कॉलवर आहे गं' म्हणून ठेवून दिला. कॉल वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुण्याला न जाता आळेफाट्याला उतरले, नगरची गाडी धरली (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) आणि टाकळी ढोकेश्वरजवळ आत्याच्या वस्तीवर जाऊन झोपले. अक्षरशः दोन दिवस.

उठले तेव्हा आत्याच्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला. दिवाळी झाली की ही मंडळी कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतील त्याला लेंडीखत मिळतं, यांना धान्य नाहीतर पैसे. म्हणजे फिरता फिरता काम! मला एकदम आपल्याच धंद्यातलं कुणी भेटल्यासारखं झालं.

वाड्यावरच्या आजींना विचारलं, "आजी, उद्या कुठं मुक्काम?"

"उद्या कुठं गं बाई? दोन मेंढ्या व्याल्यात काल. कोकरं जरा उभी ऱ्हाऊ देत की."

कोकरं घोड्यावर घालून नेतात, पण इतकी कोवळी नकोत म्हणाल्या.

यांचं जगणं निवांत आहे असं मुळीच नाही हं. डिसेंबर २०२१ च्या अवकाळी पावसात आणि गारठ्यात याच पट्ट्यात कितीतरी मेंढ्या दगावल्या होत्या. रेंज नाही म्हणून मी केलेली चिडचिड आठवून लाजच वाटली. पण दमलेल्यासाठी थांबायची सोय त्यांच्या वाटेत होती. माझ्या नव्हती. बुकिंग पुढे, मीटिंग पुढे, मी आपली मागून फरफटत.

तेव्हापासून एका गावात निदान तीन आठवडे राहते. प्रवासाच्या दिवशी चक्क रजा, लॅपटॉप सॅकच्या तळाशी. पावसाळ्यात घर सोडत नाही. रात्रीचे कॉल आठवड्यातून दोनच. हे मॅनेजरला सांगायला मला दोन महिने लागले, आणि त्याला 'ओके' म्हणायला दोन सेकंद! तरी अधूनमधून जुनी सवय उचल खातेच. असो.

आणि हो, त्या संध्याकाळी रानातूनच आईला फोन केला. म्हटलं, "परवा मी कॉलवर नव्हते."

"माहीत होतं मला," आई म्हणाली. "जेवलीस का?"