मिळून द्यायची परीक्षा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इम्तिहान घेणे हा आमचा रोजचाच धंदा. तरीही परीक्षेविषयी एक नवी गोष्ट आम्हांला आमच्याच एका शागीर्दाने शिकवली. दहावी आमच्याकडे झालेला हा मुलगा आता पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. ईदला भेटायला आला, तेव्हा कामाचे विचारले. म्हणाला, ‘सर, आप बच्चों का इम्तिहान लेते, मैं मशीनों का लेता. फर्क इतनाच है, मेरे यहाँ सबको मिलके पास होना पडता.’

त्याने समजावले ते असे. प्रोग्रामरने एक ओळ बदलली तरी ती थेट गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. तिला एका पाइपलाइनमधून जावे लागते. आधी प्रोग्राम बांधतात, मग त्याचे सुटे भाग तपासतात, मग ‘ॲक्सेप्टन्स टेस्ट’, म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेने घेतलेली परीक्षा होते. हिरवा दिवा लागला तरच पुढे. या पद्धतीला कंटिन्युअस डिलिव्हरी म्हणतात. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी २०१० साली याच नावाचे पुस्तक लिहून ती सविस्तर मांडली.

समजा, दवाखान्यात नंबर लावायची सोय आहे. एक मशीन नावे साठवते, दुसरे नंबर देते, तिसरे मोबाइलवर निरोप पाठवते. वेगवेगळी परीक्षा घेतली तर तिन्ही पास. म्हणून एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात तीन कोरी आभासी मशीन उभी करतात, एकमेकांना जोडतात, आणि चौथे मशीन पेशंट बनून नंबर मागते. निरोप आला का? डॉक्टरांच्या यादीत नाव चढले का? एवढेच पाहायचे. परीक्षा संपली की सगळी पुसायची. पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी.

यातली खरी डोकेदुखी वेळेची. नावे साठवणारे मशीन जागे होण्याआधीच दुसरे त्याला हाक मारते, उत्तर मिळत नाही, लाल दिवा लागतो. पुन्हा चालवले की हिरवा. ‘तीस सेकंद थांब’ असे लिहून भागत नाही, कारण एखाद्या दिवशी चाळीस लागतात. म्हणून मशीनलाच ‘तयार झालेस का?’ असे विचारत राहायचे आणि होकार आल्यावरच पुढे जायचे. नाहीतर माणसे लाल दिव्याकडे काणाडोळा करायला शिकतात. मग ती परीक्षा असून नसल्यासारखी.

सगळी मशीन एकसारखी आहेत का, हे न पाहण्याची किंमत अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी मोजली. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर जायचा होता. तो सातांवर गेला, आठव्यावर राहिला, आणि दुसऱ्या कोणी पडताळले नाही. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता. नव्या प्रोग्रामसाठीची खूण मिळताच तो जागा झाला आणि ऑर्डरींमागून ऑर्डरी सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांच्या या गोंधळात ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. पाइपलाइनमध्ये प्रोग्राम पोचवण्याचे कामही यंत्राकडे असते. तपासणीच्या मशीनवर तो जसा जातो, तसाच खऱ्या मशीनवर जातो. म्हणजे पोचवण्याचीही परीक्षा आधीच झालेली असते.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे आमची मुले आली. दहावीला उर्दू, मराठी, इंग्रजी, विज्ञान, सगळीकडे हिरवा दिवा. अकरावी सायन्सला गेली की सगळे इंग्रजीत. ‘ज़ियाई तालीफ’ त्यांना तोंडपाठ असते, पण ‘फोटोसिन्थेसिस’ ऐकले की गप्प होतात. मराठीतले प्रकाशसंश्लेषणही तेच, हे जोडून कोणी विचारलेलेच नसते. आमच्या कित्येक हुशार मुली अशा वेळी सायन्स सोडतात. घरचे म्हणतात, पोरगी कच्ची होती. आम्ही म्हणतो, पोरगी पक्की होती, जोड कच्चा होता.

म्हणून यंदा आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून आठवीची एक परीक्षा घेतली. ओआरएसच्या पाकिटावरचा इंग्रजी मजकूर वाचायचा, पाण्याचा हिशेब उर्दूत मांडायचा, आणि आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना मराठीत सांगायचे की घरी ते कसे बनवाल. वाचन बरे झाले, हिशेबही बरोबर आला. मुले अडली ती शेवटी, घरच्या तांब्यात एक लिटर पाणी मावते का, या प्रश्नावर. लिटर गणितात शिकवला होता, पाकीट इंग्रजीत वाचून घेतले होते. तांब्या कोणाच्याच विषयात नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून तांबे आणले आणि वर्गात मापून पाहिले.

आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अशी एक परीक्षा असते. पुढच्या वेळी शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. कोणी अडले तर ते कोणत्या विषयात कच्चे, हे विचारायचे नाही. कोणत्या जोडावर अडले, ते सगळ्यांनी मिळून शोधायचे, असे स्टाफरूममध्ये ठरले आहे.