उतारावरचा गुडघा

आपल्या गोव्यातल्या माणसाला जोयडा तालुका माहीत असतो तो फक्त येता-जाता. बेळगावला निघालो की अनमोड लागते, हुबळीची गाडी कॅसलरॉकला थांबते, तेवढाच संबंध. ही दोन्ही गावे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात आहेत, हे सांगितले तर बरेचजण 'हो का?' म्हणतात. जुन्या लोकांना 'सुपा' म्हटले की चटकन कळते. या तालुक्याचे मूळ नाव सुपाच. काळी नदीवर धरण बांधले, ते 1987 साली पुरे झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. विस्थापित कुटुंबांना रामनगरला वसवले. आपल्या साळावलीच्या धरणामागे गेलेले कुर्डी गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माझा जोयड्याशी संबंध मोटारसायकलमुळे आला. मी सरकारी कारकून. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गेली वीस वर्षे फाइली पुढे सरकवतो आहे. छंद म्हणाल तर कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायची. याला हल्ली 'ऑफ-रोड' म्हणतात. गाडी दोनशे सीसीची एक्सपल्स, वजन दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे पडली तर एकट्या माणसाला उचलता येते. हा गुण मी शोरूममध्ये सर्वांत आधी पाहिला होता.

डिसेंबर 2022 मध्ये सत्तरीतल्या एका वाटेवर बांबूच्या बेटातून वासरू आडवे आले. ब्रेक लागला, वासरू वाचले, गाडी कलली आणि डावा पाय आपोआप जमिनीवर गेला. तिथे बैलगाडीची खोल चाकोरी होती. (चाकोरी हा शब्द एरवी आम्हा कारकुनांसाठी राखून ठेवलेला असतो!) पाऊल चाकोरीत अडकले आणि गाडीसकट बाकीचा मी फिरलो. गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. एमआरआयमध्ये दिसले की पुढचे क्रूसबंध, म्हणजे ज्याला सगळे एसीएल म्हणतात ते लिगामेंट, पूर्ण तुटले होते आणि आतली कूर्चाही फाटली होती.

हे लिगामेंट पूर्ण तुटले की हाडासारखे आपोआप सांधत नाही, हे मला तेव्हा कळले. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायूबंध काढून त्याची दोरी वळतात आणि हाडांत भोके पाडून ती आत ओवतात. ही दोरी लगेच लिगामेंट होत नाही. शरीर तिला हळूहळू आपलीशी करते आणि त्यात कित्येक महिने जातात. गंमत म्हणा किंवा धोका म्हणा, दीड-दोन महिन्यांनी दुखणे बरेच ओसरते, माणसाला वाटते झाले बरे, आणि नेमकी तेव्हाच ती दोरी सर्वांत कच्ची असते. आयुष्यभर आपण दुखण्यावरून आजार मोजतो. इथे ते माप चालत नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "नऊ महिने खेळाचे नाव काढायचे नाही. आणि नऊ महिने झाले म्हणूनही काढायचे नाही. दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी झाली तरच."

त्यांच्या खोलीत मी पुन्हा जिना शिकलो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढणे मला चार आठवड्यांत जमले. उतरणे मात्र महिनोन्महिने नीट होईना. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांबत लांबत सगळे वजन धरून ठेवावे लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर नेमका तोच स्नायू वाळतो. कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेचा घाट आठवा. चढ 37 फुटांना एक फूट. तिथे चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने लावतात हे आपण दूधसागरजवळ पाहतोच, पण खाली येणारी गाडी आवरायलाही जादा इंजिने लागतात. माझ्याकडे जादा इंजिन नव्हते.

घरी ही ब्लाऊज शिवते. दर रविवारी सकाळी ती आपली टेप घेऊन यायची आणि वाटीपासून वर वीतभर अंतरावर दोन्ही मांड्या मोजायची. पहिल्या रविवारी डावी मांडी साडेतीन सेंटिमीटरने बारीक भरली. ग्राहकांच्या मापांच्या वहीतच मागच्या पानावर तिने ते टिपून ठेवले. गाडी चालवा किंवा चालवू नका, यातले एक अक्षर ती बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आले असते.

मित्र मात्र भरपूर बोलले. उडुपीच्या अरविंद के.पी.चे नाव दहादा ऐकले. 2017 आणि 2018 ला डाकार रॅलीत जखमी होऊन बाहेर पडला आणि 2019 ला ती पूर्ण केली. खरे आहे, आणि मोठे आहे. पण त्याचा तो व्यवसाय, पाठीशी कंपनीचा संघ. मला सोमवारी साडेनऊला हजेरी लावायची असते, रजा संपत आलेली, आणि वैद्यकीय बिलांची फाईल माझ्याच खात्यात तीन शेरे खाऊन परत आलेली. त्यातला एक शेरा माझ्याच शेजारच्या टेबलाचा. असो. मला डाकारला जायचे नव्हते. 'आता वय झाले' हे वाक्य गुडघ्याने माझ्या वतीने बोलून टाकावे, एवढेच मला मान्य नव्हते.

वर्षभराने टेपमधला फरक एक सेंटिमीटरच्या आत आला. एका पायावर उड्या मारायच्या परीक्षेत डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांवर गेला. जानेवारी 2024 च्या शेवटच्या रविवारी, पोलादी बिजागऱ्यांचा पट्टा गुडघ्याला बांधून, मी एका मित्राबरोबर पहाटे फोंड्याहून निघालो. मोले, अनमोड घाट, मग महामार्ग सोडून जोयड्याचे आतले रस्ते.

इथे एक सांगायला हवे. या तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. 2007 साली अणशी-दांडेली म्हणून तो घोषित झाला, 2015 साली त्याला नदीचे नाव मिळाले. रस्ता सोडून रानात गाडी घालणे तिथे गुन्हा आहे, आणि नसता तरी मी त्याला शौर्य म्हटले नसते. त्याची गरजही नाही. वाड्यावाड्यांना जोडणारे मातीचे रस्ते तिथे हवे तेवढे आहेत. आम्ही हेल्मेट, कोपरढाल, बूट चढवून ज्याला ऑफ-रोड म्हणतो, तो तिथल्या माणसाचा रेशनला जायचा रस्ता असतो.

पहिला तासभर छान गेला. पायटांवर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून, टाकी मांड्यांत हलकेच धरून चालवायचे, हे शरीर विसरलेले नव्हते. मग एक उतार आला. तांबडी सुटी माती, त्यावर पाचोळा, मधोमध पावसाळ्यात कापलेला चर आणि खाली व्हाळ. मी वर थांबलो. गाडी पहिल्या गियरमध्ये होती, इंजिन धरून ठेवत होते, सगळे रीतसर. पण डावा पाय पायटावरून निघेना. दुखत नव्हते. कमजोरी नव्हती, ती मोजून झाली होती. पाय खाली टेकवायचा आहे हे मी त्याला सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता, वरिष्ठाने सही करू नको म्हटलेल्या कारकुनासारखा.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. गावातला एकजण जुनी स्प्लेंडर घेऊन आला. मागे बायको, पुढे टाकीवर पोर, बाजूला तांदळाचे पोते बांधलेले, पायात रबरी चपला. तो न थांबता, दोन्ही पाय मातीवरून घासत खाली उतरला, व्हाळ ओलांडून पलीकडच्या वळणावर दिसेनासा झाला. माझा मित्र हसला नाही, हे त्याचे उपकार.

मी गाडी स्टँडला लावली आणि उतार आधी पायी उतरलो. दुखरा पाय आधी. पुन्हा वर आलो, पुन्हा उतरलो. असे चार वेळा. व्हाळाकाठी एक कुणबी म्हातारी कंद धूत बसली होती. मुडली म्हणतात त्याला, अळूच्या जातीचा, चांगला हातभर लांब. ती माझे हे येणे-जाणे बघत होती. चौथ्या खेपेला तिने पट्ट्याकडे बोट केले.

"हें लोखण कित्याक रे पुता?"

सांगितले. मग तिने किंमत विचारली. तीही सांगितली.

"तितल्या पयशांनी पाडी मेळटा रे!" म्हणाली आणि पुन्हा कंद धुवायला लागली.

पाचव्यांदा मी गाडीवर बसून उतरलो. उभा राहून नव्हे, बसून, त्या स्प्लेंडरवाल्यासारखे दोन्ही पाय खाली सोडून. मध्ये मागचे चाक घसरले आणि डावा पाय मातीत रुतला, पंजा सरळ पुढे. गुडघ्यात एक कळ आली, वजन पायाने झेलले आणि गाडी सरळ झाली. व्हाळात पाणी घोट्याएवढेच होते. पलीकडे गेल्यावर हाताला एवढा घाम होता की मोजे पिळून काढावे लागले.

तो उतार त्या दिवशी आणखी दोनदा केला आणि ऊन चढायच्या आत परत फिरलो. म्हातारीने एक कंद दिला, पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर गुडघ्यावर बर्फ ठेवला. हिने आधी कंद बघितला, मग टेप आणली. यावेळी मांडी नव्हे, वाटीवरून माप घेतले, सूज बघायला. डावा गुडघा एक सेंटिमीटर जास्त भरला. वहीत लिहून ठेवले. बुधवारपर्यंत उतरले.